पोस्टर १९३९चं की नंतरचं? जुन्या सिनेमाच्या वस्तूंची पारख कशी करायची

अडगळ
मंडळी, जरा मदत हवी आहे.

मामांना जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्या खोलीतल्या वस्तूंची वाटणी झाली, तेव्हा माझ्याकडे एक मोठी फ्रेम आणि एक फुगलेला लिफाफा आला. फ्रेममध्ये 'गॉन विथ द विंड'चं पोस्टर आहे. नायकाने नायिकेला दोन्ही हातांवर उचलून घेतलंय, मागे नुसत्या केशरी ज्वाळा. मामा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला फ्रेमसमोर उभं करून सांगायचे, "हे एकोणचाळीसचं. अस्सल." फ्रेमच्या पाठीवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठीसुद्धा आहे: '१९३९, पहिलं प्रदर्शन'. लिफाफ्यात सहा लॉबी कार्डं (थिएटरच्या दालनात लावायची छोटी छापील चित्रं) आणि दहा-बारा कृष्णधवल फोटो निघाले.

विकायचं नाहीये, त्यामुळे किमती कृपया सांगू नका. खरं काय ते कळावं एवढंच. इकडेतिकडे वाचून डोकं भंजाळलंय. कुणी म्हणतं घड्या असल्या की जुनं, कुणी म्हणतं कागद पिवळा पडला की जुनं. माझ्याकडच्या पोस्टरला घड्याही आहेत आणि ते पिवळंही आहे. म्हणजे झालं ना?

नाटकी
मी पण पिवळा पडलोय आणि पोटाला घड्या आहेत. १९३९चा नाही.

पिवळं_पान
@अडगळ, झालं नाही, सुरू झालं. फोटो टाकाल तेव्हा टाका, आधी तीन गोष्टी लिहून कळवा.

एक, पोस्टरवरचा सगळा मजकूर. मोठी नावं नकोत, ती सगळ्यांना पाठ आहेत. बारीक अक्षरांतल्या ओळी हव्यात, एकही न गाळता. दोन, फ्रेम सोडून नुसत्या कागदाचं माप, इंचांत. तीन, अगदी खालच्या समासात उजव्या कोपऱ्याकडे एखादा आकडा आहे का?

पिवळेपणा आणि घड्या सध्या विसरा. कागद पिवळा करायला चहाचं पाणी पुरतं आणि घडी घालायला दोन हात. जुनं दिसणं सगळ्यात सोपं. मी मात्र आधी एवढंच बघतो की या कागदावर असं काही छापलंय का, जे त्या साली जगात नव्हतंच. जो म्हातारा दिसण्याची एवढी खटपट करतो, तो नेमका इथे घसरतो.

अडगळ
मजकूर: वरच्या बाजूला दहा अकादमी पुरस्कार मिळाल्याचा उल्लेख आहे. खाली ७० एमएम वाइड स्क्रीन आणि स्टिरिओफोनिक साउंड असं आहे. मग नटांची, दिग्दर्शकाची वगैरे नावं.

माप: रुंदी २७ इंच. उंची फ्रेममधून दिसते तेवढी साधारण ४० इंच. आकडा कुठेच दिसत नाही.

तळटीप
पिवळं_पान सभ्य माणूस आहे, हळूहळू सांगेल. मला धीर नाही.

अहो, चित्रपट आला डिसेंबर १९३९मध्ये. पुरस्कार जाहीर झाले २९ फेब्रुवारी १९४० रोजी. मग पहिल्या प्रदर्शनाच्या पोस्टरला दहा पुरस्कार आधीच कसे कळले? आणि ७० एमएमचे रुंद पडदे थिएटरांत रुळले १९५०च्या दशकाच्या मध्यानंतर. १९३९च्या पोस्टरवर ७० एमएम म्हणजे शिवाजी महाराजांच्या चित्रात मनगटी घड्याळ.

आणि मुख्य मुद्दा त्या ज्वाळांचाच आहे. हे चित्र हॉवर्ड टर्पनिंग या चित्रकाराने १९६७च्या पुनर्प्रदर्शनासाठी काढलं. ते इतकं गाजलं की आज या चित्रपटाचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हेच येतं, आणि ते पहिल्यापासूनचंच असं धरून चालतात. १९३९च्या प्रेक्षकाने ते कधी पाहिलंच नव्हतं.

अडगळ
...

मामा असते तर तुमच्याशी भांडले असते. ठीक. म्हणजे बनावट निघालं.

पिवळं_पान
नाही हो! इथेच सगळे गोंधळतात, म्हणून जरा लांब लिहितो.

चित्रपट पहिल्यांदा लागला तेव्हा थिएटरसाठी जे छापलं गेलं ते पहिलं. काही वर्षांनी तोच चित्रपट वितरकाने पुन्हा थिएटरांत आणला आणि त्यासाठी नवं पोस्टर छापलं, ते पुनर्प्रदर्शनाचं. तेही थिएटरसाठीच, तेही त्या काळातलंच, तेही अस्सलच, फक्त दुसऱ्या सालातलं. घरातल्या भिंतींवर लावायला दुकानांतून विकली जातात ती पुनर्मुद्रणं तिसरी जात. कुणाला फसवायचा हेतू नसतो, बऱ्याचदा खाली प्रकाशकाचं नाव आणि बारकोडही असतो. आणि चौथी जात म्हणजे मुद्दाम जुनं भासवलेली नक्कल. 'बनावट' हा शब्द फक्त चौथीसाठी राखून ठेवा.

दूरचित्रवाणी आणि व्हिडिओच्या आधी जुना चित्रपट पुन्हा बघायचा तर तो पुन्हा थिएटरला लागण्याची वाट बघावी लागे, त्यामुळे पुनर्प्रदर्शन हा नियमित धंदा होता. 'किंग काँग' १९३३चा, पण तो १९३८, १९४२, १९४६, १९५२ आणि १९५६मध्येही परत आला. प्रत्येक खेपेला नवा कागद. 'गॉन विथ द विंड' १९४७, १९५४, १९६१, १९६७ आणि १९७४मध्ये. म्हणून "हे 'किंग काँग'चं जुनं पोस्टर आहे" या वाक्यातून मला काहीच कळत नाही. कितव्या खेपेचं, ते सांगा.

तुमचं पोस्टर १९३९चं नाही हे ठरलं. आता ते १९६७चं थिएटरचं आहे, त्यानंतरच्या एखाद्या खेपेचं आहे, की भिंतीवर लावायचं पुनर्मुद्रण आहे, हे बघायचं. या चित्राची पुनर्मुद्रणं उदंड आहेत, त्यामुळे आत्ताच पेढे वाटू नका. फ्रेम उघडावी लागेल.

शंकासुर
एक मूलभूत शंका. चित्र तेच, रंग तेच, बघणाऱ्याला आनंद तोच. मग १९३९ असो, १९६७ असो नाहीतर परवा छापलेलं असो, फरक काय पडतो? मला हे सगळं पंक्तिप्रपंचासारखं वाटतं. आणि तुमच्याच म्हणण्याप्रमाणे पुनर्प्रदर्शनाचं चित्र पहिल्यापेक्षा सरस निघालं!

तळटीप
आनंदाला फरक पडत नाही, मान्य. "हे एकोणचाळीसचं" या विधानाला पडतो. धाग्याचा विषय ते विधान आहे.

शंकासुर
बरं. पण चित्र सरस आहे हे लिहून ठेवा.

तळटीप
लिहिलं.

भिंगरी
उशिरा आले. बारा वर्षं ऑफसेट छपाईत काढली आहेत, त्यामुळे चित्रपटाचं मला शष्प कळत नाही, पण छापलेला कागद कळतो.

फ्रेम उघडलीत की दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळवाले डोळ्याला लावतात तसलं. लगेच नायिकेच्या चेहऱ्यावर धरू नका, सगळे तेच करतात. बारीक अक्षरांवर धरा. एकच अक्षर निवडा, समजा ओ.

मूळ छपाईत चित्र ठिपक्यांचं असलं तरी काळा मजकूर वेगळा चढवलेला असायचा. त्यामुळे भिंगाखाली ओ म्हणजे एक सलग काळी कडी दिसते. शाई भरीव, कड स्वच्छ, फार तर कागदाच्या धाग्यांत किंचित फुटलेली. आता कुणी छापील पोस्टरचा फोटो काढून किंवा स्कॅन करून त्यावरून पुन्हा छापलं, तर मशीनला चित्र कुठलं आणि अक्षर कुठलं ते कळत नाही. सगळंच ठिपक्यांत फुटतं. मग त्याच ओच्या कडेला निळसर, गुलाबी, पिवळे ठिपके सांडलेले दिसतात, कडी खातेरं झाल्यासारखी. एकदा डोळ्याला सवय झाली की दोन सेकंदांत कळतं.

मग चित्रावर या. ऑफसेटमध्ये चार रंगांचे ठिपके ठराविक कोनांत बसतात आणि त्यांची बारीक फुलं दिसतात. घरगुती किंवा दुकानातल्या इंकजेटचे ठिपके फवारा मारल्यासारखे कसेही पसरलेले. फवारा दिसला आणि पोस्टर साठच्या दशकातलं म्हणून सांगितलं असेल, तर पुढे काही बघायची गरज नाही.

ठिपक्यांवर ठिपके छापले की कधीकधी लाटांसारखी नक्षी उमटते, गालावर किंवा आकाशात. तीही नकलेचीच खूण.

पिवळं_पान
@भिंगरी, दंडवत. एकच भर घालतो. १९३०च्या दशकातली बरीच पोस्टरं शिळाछापाची. त्यांत ही फुलं नसतातच. दगडावर खडूने काढल्यासारखा रवाळ पोत आणि एकेका रंगाचे सलग थर. तेव्हा कुणी १९३१च्या भयपटाचं 'मूळ' पोस्टर दाखवलं आणि भिंगाखाली सुबक चौरंगी फुलं दिसली, तर हात जोडून निघावं. उलटं मात्र खरं नाही. पन्नास-साठच्या दशकांतल्या अस्सल पोस्टरांवरही फुलं असतात, कारण ती ऑफसेटवरच छापलेली.

अडगळ
फ्रेम उघडायला हात धजत नाहीये. मागे खिळे आहेत आणि तपकिरी कागद चिकटवलाय. रविवारी बघतो. तोवर लिफाफ्यातल्या कार्डांविषयी सांगा. ११ × १४ इंचांची आहेत. दोन 'स्नो व्हाइट'ची, बुटक्यांचा प्रसंग. चार १९३०च्या दशकातल्या एका भयपटाची.

तळटीप
माप तर बरोबर आहे, लॉबी कार्ड त्याच मापाचं. पण नकलाही त्याच मापाच्या करतात.

'स्नो व्हाइट'च्या कार्डांवर खाली वितरकाचं नाव काय आहे? आरकेओ की बुएना व्हिस्टा?

अडगळ
बुएना व्हिस्टा.

तळटीप
म्हणजे १९५८ किंवा त्यानंतरचं. १९३७ला चित्रपट आला तेव्हा डिस्नेची चित्रं आरकेओ वितरित करायची. बुएना व्हिस्टा ही डिस्नेची स्वतःची वितरण कंपनी निघाली १९५३मध्ये. 'स्नो व्हाइट' १९४४ आणि १९५२मध्ये परत आला तो आरकेओकडूनच, १९५८पासून बुएना व्हिस्टाकडून. पुढे १९६७, १९७५, १९८३, १९८७, १९९३. यांतली तुमची खेप कोणती ते बाकीच्या खुणांवरून काढू.

अशा तारखा डोक्यात असल्या की अर्धं काम बसल्या जागी होतं. अमेरिकी पोस्टरवर चौकटीत जी, आर अशी प्रेक्षकांच्या वयानुसारची श्रेणी असेल तर कागद नोव्हेंबर १९६८च्या आधीचा असूच शकत नाही, कारण ती पद्धतच तेव्हा सुरू झाली. पीजी-१३ असेल तर १९८४च्या आधीचा नाही. ब्रिटिश पोस्टरवर एक्स प्रमाणपत्र १९५१पासून, एए १९७०पासून, आणि १९८२ला दोन्ही जाऊन १५ आणि १८ आले. साठच्या दशकातल्या चित्रपटाच्या ब्रिटिश पोस्टरवर १८चा गोल दिसला की ते नंतरच्या खेपेचं, वाद नको.

कॉपीराइटच्या सालावर मात्र विसंबू नका. ते बऱ्याचदा चित्रपटाचं असतं, कागदाचं नाही.

खिडकीतलं_मांजर
वाचतेय. वाचनखूण साठवली आहे. आपल्याकडच्या चित्रपटांना हेच लागू होतं का?

तळटीप
तत्त्व तेच, तारखा वेगळ्या. आपल्या सेन्सॉरचं यूए प्रमाणपत्र १९८३पासूनचं. साठच्या दशकातल्या चित्रपटाच्या कागदावर यूए दिसलं, तर तो नंतर छापलेला. वितरकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. 'मुगल-ए-आझम' १९६०चा, बराचसा कृष्णधवल. संपूर्ण रंगीत करून तो परत आला २००४मध्ये. त्यामुळे "संपूर्ण रंगीत" असं मिरवणारं पोस्टर कितीही चुरगळलेलं असलं तरी २००४च्या अलीकडचंच.

रात्रपाळी
भयपटाच्या चार कार्डांसाठी अतिनील दिवा आणा, नोटा तपासतात तो. खोली पूर्ण काळोखी करा, डोळे सरावू द्या, मग दिवा लावा.

साधारण १९५०पासून कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात चकाकी आणणारी रसायनं घालायला सुरुवात झाली. अतिनील प्रकाशात असा कागद निळसर पांढरा पेटतो, नव्या धुतलेल्या सदऱ्यासारखा. तीसच्या दशकातला कागद नुसता मळकट, मेल्यासारखा पडून राहतो. माझ्याकडे एक कार्ड होतं, १९३५चं म्हणून घेतलेलं. कडा तपकिरी, कोपरे झिजलेले, मागे गंजलेल्या टाचणीचा डाग. काय सुंदर म्हातारपण होतं त्याचं! दिवा लावला आणि ते ट्यूबलाइटसारखं उजळलं. मी काळोखात एकटाच हसत बसलो होतो.

ज्यांनी विकलं त्यांना बहुधा खरंच माहीत नव्हतं. नंतर पैसे परत दिले.

पिवळं_पान
दिव्याची कथा छान, पण त्याची मर्यादाही सांगा. पेटला तर नवा, हे बरंचसं खरं. न पेटला तर जुना, हे खरं नाही. त्या रसायनांशिवायचा कागद आजही मिळतो. आणि बनावट करणारे जुन्या काळातला कोरा कागद हुडकून त्यावर छापतात. २००९च्या सुमारास अमेरिकेत तीसच्या दशकातल्या भयपटांच्या अशा नकला उघडकीला आल्या होत्या, आणि चांगले मुरलेले संग्राहक फसले होते. तिथे शेवटी भिंगच कामाला आलं, कारण कागद जुना मिळवता येतो, छपाईची पद्धत जुनी मिळवणं फार कठीण.

शिवाय पोस्टर कापडावर चढवलेलं असेल तर मधला नवा कागद किंवा डागडुजीचा रंग पेटतो आणि अस्सल वस्तू नाहक संशयात येते. पेटलं कुठे ते बघा. समोरून सगळा कागद, की फक्त एखादा कोपरा?

काळापांढरा
फोटोंविषयी कुणीच बोललं नाही म्हणून.

@अडगळ, एक फोटो हातात घेऊन अलगद वाकवा, कोपरा मोडू नका. त्यात प्लास्टिकची लवचीक चिवट भावना आहे का? पाठ गुळगुळीत मेणचट लागते का? असेल तर तो प्लास्टिकचा थर दिलेला कागद, जो साधारण १९७०च्या अलीकडे-पलीकडे रुळला. चाळीसच्या दशकातल्या नटीचा फोटो अशा कागदावर असेल तर चेहरा चाळीसचा, छाप नंतरची. जुना प्रसिद्धीचा फोटो ८ × १० इंचांचा, खऱ्या कागदाचा, बऱ्याचदा कडांना थोडा वळलेला. तिरक्या उजेडात त्याच्या काळ्या भागांवर, विशेषतः कडेला, चांदीसारखी निळसर साय आलेली असते.

पाठ बघायला विसरू नका. स्टुडिओचा शिक्का, तारखेचा शिक्का, कधी टंकलिखित मजकुराची चिकटवलेली पट्टी. वर्तमानपत्रांना पाठवताना ती लावत. समोरच्या चेहऱ्यापेक्षा पाठीवरची घाण जास्त बोलते.

आणि शेवटचं. फोटोवर सुरकुती दिसली तर बोट फिरवा. बोटाला लागली तर सुरकुती, नाही लागली तर सुरकुतीचा फोटो. म्हणजे जुन्या छापाचा फोटो काढून नवा छाप केलाय. सावल्यांतले बारकावेही मग बुजलेले असतात, काळा कोट आणि काळी पार्श्वभूमी एकच डबकं.

नाटकी
"सुरकुतीचा फोटो" हे माझ्या पुढच्या वधूवर परिचयपत्रात वापरणार.

भिंगरी
हेच पोस्टरच्या घड्यांना लागू. खोलीतला दिवा बंद करून टॉर्च पोस्टरच्या अंगाला टेकवून आडवा मारा. खरी घडी सावली टाकते. उभी आणि आडवी घडी जिथे एकमेकींना छेदतात तिथे शाई उडून कागदाचे पांढरे धागे वर आलेले असतात, क्वचित टाचणीएवढं भोकही. नकलेत ही रेघ छापलेली असते आणि पृष्ठभाग सपाट. काही दीडशहाणे छापलेल्या घडीवरच खरी घडी घालतात, पण दोन्ही तंतोतंत जुळत नाहीत. दोन मिलिमीटर बाजूला छापील घडीचं भूत दिसतं.

पिवळं_पान
घड्यांची पद्धतही ठरलेली होती. अमेरिकेत थिएटरांना जाणारी पोस्टरं साधारण ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत घडी करूनच जात. एक उभी, तीन आडव्या, म्हणजे आठ घरं. गुंडाळी करून पाठवणं नंतरचं. पन्नासच्या दशकातलं पोस्टर गुंडाळलेलं, घडीचा मागमूस नाही, असं दिसलं तर मी आधी संशय घेतो आणि मग कौतुक करतो. तसंच पाठीवर तेच चित्र उलटं, आरशातल्यासारखं छापलेलं असेल तर ते मागून दिवा लावायच्या पेटीसाठी, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या शेवटानंतरचं.

मापाचंही तसंच. अमेरिकी एक पानी पोस्टर तेव्हा २७ × ४१ इंच, नंतर एक इंचाने आखूड. दुकानी पुनर्मुद्रणं बहुतेक २४ × ३६. @अडगळ तुमचं ४० दिसतंय, हा हरवलेला इंच मला सतावतोय. एकतर फ्रेमखाली दडलाय, नाहीतर कुणीतरी कापलाय. खालचा समास कापण्यामागे बऱ्याचदा कारण असतं, कारण तो नंबर तिथेच असतो.

शंकासुर
कसला नंबर ते एकदा सांगा की. तीन प्रतिसादांपासून टांगून ठेवलंय.

पिवळं_पान
चुकलंच. नॅशनल स्क्रीन सर्व्हिस नावाची कंपनी १९२०ला निघाली. साधारण १९४०पासून अमेरिकी स्टुडिओंची पोस्टरं छापून थिएटरांना पुरवण्याचं काम बरंचसं तिच्याकडे आलं, ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत. ती खालच्या समासात एक आकडा छापायची. आधी सालाचे शेवटचे दोन अंक, मग तिरकी रेघ, मग त्या सालातला चित्रपटाचा क्रमांक. ५३/ अशी सुरुवात म्हणजे १९५३. आणि चित्रपट पुन्हा आणलेला असेल तर आधी आर. आर ६२/ म्हणजे १९६२चं पुनर्प्रदर्शन. सगळी पारख त्या एका अक्षरात.

म्हणून कात्री तिथे चालते. आर असलेली पट्टी उडवली की पोस्टर एकदम वीस वर्षांनी म्हातारं होतं. आर नाही म्हणजे पहिलंच, असंही समजू नका. सगळी पुनर्प्रदर्शनं या कंपनीतून गेली नाहीत, इतर देशांच्या पोस्टरांना तर हा नियमच नाही. आणि १९३९च्या पोस्टरवर असा नंबर असूच नये, कारण तेव्हा ही व्यवस्था सुरू व्हायची होती.

खिडकीतलं_मांजर
इतर देशांचं निघालंच आहे तर: माझ्या मैत्रिणीकडे 'कॅसाब्लांका'चं इटालियन पोस्टर आहे, १९४६चं. चित्रपट १९४२चा. म्हणजे ते पुनर्प्रदर्शनाचं?

तळटीप
नाही, ते त्या देशातलं पहिलंच. युद्धामुळे तो इटलीत पोचलाच १९४६ला. पश्चिम जर्मनीत तर १९५२ला, तोही नाझींचे प्रसंग कापून. 'पहिलं' हे नेहमी कुठलं पहिलं ते विचारून घ्यायचं. तुमच्या मैत्रिणीला नमस्कार सांगा, आणि उन्हात लावू नको म्हणावं.

अडगळ
रविवार. उघडली.

सगळं क्रमाने सांगतो. तपकिरी कागद सोलला, खिळे पकडीने काढले. मागे पुठ्ठा, पुठ्ठ्यामागे जुनं वर्तमानपत्र. पोस्टर उचललं तर खालची बाजू जाड लागली. फ्रेम छोटी पडली म्हणून फ्रेम करणाऱ्याने खालचा समास कापला नव्हता, मागे दुमडला होता! मी श्वास रोखून, चाकूचं पातं घालून अलगद उलगडला. तिथे कागद समोरच्यापेक्षा एकदम पांढरा आहे, इतकी वर्षं उजेडच लागला नव्हता. आणि उजव्या कोपऱ्यात: आर ६७, तिरकी रेघ, पुढे क्रमांक.

उंची पूर्ण ४१ इंच.

भिंग मिळालं. ओ बघितला. सलग कडी, काळीकुळकुळीत. शेजारी दुकानी कॅलेंडर ठेवून त्याचाही ओ बघितला, तेव्हा भिंगरीताई काय म्हणतात ते खऱ्या अर्थाने कळलं. टॉर्च आडवा मारला, एक उभी, तीन आडव्या, मधल्या छेदावर तांदळाच्या कणीएवढी शाई उडालेली. श्रेणीचं जी वगैरे कुठेही नाही.

तळटीप
म्हणजे १९६७च्याच पुनर्प्रदर्शनाचं, थिएटरसाठी छापलेलं. अस्सल. फक्त एकोणचाळीसचं नाही.

पिवळं_पान
तो दुमडलेला समास फोटोत टाका बुवा. आणि तो माणूस ज्याने कापायच्या ऐवजी दुमडला, त्याला माझ्याकडून एक चहा.

परत फ्रेम कराल तेव्हा पोस्टर काचेला चिकटू देऊ नका, मध्ये पट्टी घाला. मागचा तो जुना पुठ्ठा टाकून द्या, त्याच्यातलं आम्ल कागदात उतरतं. पिवळेपणातला निम्मा भाग बहुधा त्याचाच.

शंकासुर
आणि मामांच्या चिठ्ठीचं काय करणार?

अडगळ
आईला सांगितलं तर ती म्हणाली, ६७ साली मामा अठरा वर्षांचे होते. त्यांनी हे कुठून मिळवलं आणि १९३९ हे साल त्यांच्या डोक्यात कुणी भरवलं, ते आता विचारायला माणूस नाही. बहुधा ज्याने दिलं त्यानेच.

चिठ्ठी काढली नाही. तिच्या खाली पेन्सिलीने 'छपाई १९६७' लिहिलं. चिठ्ठीवर, पोस्टरवर नाही, ओरडू नका.

भिंगरी
पेन्सिल म्हणजे ठीक आहे. पेन असतं तर ओरडले असते.

रात्रपाळी
आणि भयपटाची ती चार कार्डं?

अडगळ
दिवा काल आला. मुलगी आणि मी न्हाणीघरात दार लावून बसलो, दुसरीकडे पुरेसा काळोख होत नव्हता. तीन कार्डं ट्यूबलाइट. चौथं मात्र काळंठिक्कर राहिलं, मुलीने "हे बंद पडलंय" म्हणून दोनदा हलवून बघितलं.

पिवळं_पान
चौथ्याचा ओ बघितलात का?

अडगळ
नाही अजून. भिंग मुलीने पळवलंय, ती मुंग्या बघतेय. मिळालं की लिहितो.